कार्डातलं हसणं

धर्मेंद्र आपल्या बायकोचा आवाज घरोघरून परत गोळा करत होता.

मला हे कळलं तेव्हा मी त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसलो होतो. आसगावहून आम्ही खालच्या टोलीत आलो होतो. टोली म्हणजे नाल्यापलीकडची वस्ती. मागे वैनगंगा. काही घरं मासे धरणाऱ्या ढिवरांची, काही धान पिकवणाऱ्यांची. धर्मेंद्रच्या खिशात प्लॅस्टिकची डबी होती. डबीत नखाएवढी मेमरी कार्डं. दारापुढे गाडी थांबली की तो उतरायच्या आतच ओरडायचा.

"कार्ड आना बाप्पा! नवे गाने भरले. बदलून देतो. फुकट."

लोक खूश. स्पीकरमधून, मोबाईलमधून कार्ड काढून आणून द्यायचे. तो नवं हातावर ठेवायचा आणि जुनं डबीत टाकायचा. झाकण दाबून लावायचा, जसं काही आतलं उडून जाईल.

"भाऊ, हे काय चाललंय?" मी विचारलं.

"जुन्या कार्डात रीता आहे," तो म्हणाला. "मले ती काढाची आहे."

मी मराठी घेऊन एम. ए. झालो आहे आणि धर्मेंद्रच्या दुकानात हाताखाली असतो. मत्सराच्या गोष्टी पुष्कळ वाचल्या. त्यांत माणसं विष घालतात, पाळत ठेवतात, घर सोडतात. कार्ड बदलून देणारा नवरा मी वाचला नव्हता.  मी गाडीवर बसून राहिलो.

धर्मेंद्रचं दुकान आसगावच्या चौकात आहे. मोबाईल दुरुस्ती, रिचार्ज आणि गाणी भरून देणं. गाणी भरणं हा आमच्याकडचा जुना धंदा. नेट आलं तरी तो गेला नाही, कारण शेतात नेट पकडत नाही. रोवणा लागला, म्हणजे धानाची रोपं लावायचे दिवस आले, की बायांच्या प्रत्येक टोळीबरोबर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक छोटा स्पीकर असतो. त्यात कार्ड. बाया चिखलात वाकलेल्या असतात आणि स्पीकर दिवसभर गात असतो. तो बैलगाडीत वाजतो, गुराख्याच्या गळ्यात वाजतो, मासेमाराच्या डोंग्यात वाजतो. त्याला पडदा नसतो. बटण दाबलं की कार्डातली पहिली फाईल वाजते. ती ऐकावीच लागते.

धर्मेंद्रनं सगळं या एका गोष्टीवर उभं केलं होतं.

मागे मोठा पूर आला तेव्हा टॉवर बंद पडला. लोकांच्या मोबाईलला चार्जिंग होतं. आत गाणी होती, सिनेमे होते, लग्नाचे व्हिडिओ होते. कुठल्या वाटेनं निघायचं ते मात्र नव्हतं. ते ग्रुपवर येत होतं आणि ग्रुप उघडत नव्हता. धर्मेंद्रचा मामा टोलीत राहायचा. तो बैल घेऊन खोलगट पांदणीनं निघाला आणि पाण्यात सापडला. मामा झाडावर चढून वाचला. बैल गेले. पाणी ओसरल्यावर धर्मेंद्र दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "जे नेटवर आहे ते पुराच्या दिवशी नाई. जे कार्डात आहे ते आहे."

मग त्यानं ठरवलं, आपल्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक कार्डात पहिली फाईल गाण्याची नसेल. ती संकटाच्या दिवसाची असेल. मजकूर मी लिहून दिला. आरोग्य केंद्रात विचारून, म्हाताऱ्यांना विचारून. विजेचा मेन बंद करा. गुरांची दावी सोडा. कागद प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधून पोटाशी धरा. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. साप चावला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, मंत्रात वेळ घालवू नका, माणसाला चालवू नका, उचलून दवाखान्यात न्या. आणि टोलीसाठी वाट. टोलीतून माळावरच्या शाळेकडे दोन वाटा जातात. एक पांदण, शेतांमधली खोलगट गाडीवाट. दुसरी नहराची पाळ, म्हणजे कालव्याचा उंच बांध. नदी फुगली आणि गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे सरकत आलं की नाला उलटा भरतो. पांदण आधी बुडते. म्हणून मी लिहिलं, पांदणीनं जाऊ नका, पाळीनं जा.

बोलायचं कुणी? धर्मेंद्र माईकसमोर लाकूड होतो. माझा आवाज त्याला आवडला नाही. तेव्हा तोच म्हणाला, "रीता बोलते चांगली."

रीता पवनीची. माहेरी हातमाग. मागाच्या खटखटीत लहानाची मोठी झाली, म्हणून तिला ठासून बोलायची सवय. स्वयंपाकघरात बसून तिनं माझा कागद हातात घेतला आणि तो वाचलाच नाही. एकदा नजर फिरवली आणि शेजारणीला सांगावं तसं सांगत गेली. "बाई, पयले मेन बंद कर. मंग गाय सोड. गाय तुह्यापेक्षा हुशार आहे, ते पोहून जाईल." शेवटच्या ओळीला मागच्या दारातून शेजारची बकरी आत आली आणि तिनं माझा कागद ओढला. रीता हसली. खळखळून, श्वास लागेपर्यंत. तेही रेकॉर्ड झालं.

"तेवढं कापतो," मी म्हणालो.

"राहू दे," धर्मेंद्र म्हणाला. "गोड आहे." तोही हसत होता.

त्याचेच शब्द होते ते. पुढे मी त्याला त्यांची आठवण करून दिली नाही.

फाईल पसरली. कार्डातून मोबाईलमध्ये, मोबाईलमधून मोबाईलमध्ये, ब्लूटूथनं, पाहुण्याबरोबर, बाजाराच्या दिवशी. टोलीची वाट टोलीपुरती होती, पण साप आणि पाणी सगळ्यांचंच होतं. गोसीखुर्दच्या पाण्यावर मासे धरणारे ती डोंग्यात लावायचे. रोवण्याच्या बाया म्हणायच्या, "लाव वं, हासनारी लाव." फाईलचं नावच पडलं, हासणारी. धर्मेंद्र तेव्हा मान ताठ करून दुकानात बसायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, "आमच्या घरची आहे."

मग शहापूर झालं.

आम्ही भंडाऱ्याहून दुकानाचा माल आणत होतो. शहापूरला हायवेवर चहाला थांबलो. शेजारच्या बाकावर एक ट्रकवाला बसला होता. त्याचा मोबाईल वाजला आणि रीता हसली.

नुसती हसली. आधीचं, मधलं काही नाही. कुणीतरी तेवढंच कापून रिंगटोन केली होती. ट्रकवाल्यानं लगेच उचलला नाही. तिला पुरतं हसू दिलं, मग उचलला.

धर्मेंद्रच्या हातातला कप तिरपा झाला. चहा बुटावर सांडला. त्याला कळलं नाही.

"कोन आहे ही बाई?" त्यानं विचारलं.

"कोन जाने भाऊ," ट्रकवाला म्हणाला. "पन हासते कशी, नाई? घाटात झोप येत असली का मी दोस्ताले सांगतो, मार बे मिसकॉल."

"आमच्या घरची आहे," असं धर्मेंद्र म्हणाला नाही. त्यानं चहाचे पैसे दिले आणि गाडीवर बसला. आसगावपर्यंत मी मागे बसून त्याचे कान पाहत होतो. लाल झाले होते.

घरी गेल्यावर बोलला. मी अंगणात माल उतरवत होतो.

"तू कायले हासली?"

"कवा?"

"त्या फाईलमंदी."

"बकरीनं कागद ओढला म्हून हासली. तुमी बी तं हासले होते."

"बकरीवर एवढं हासतेत का कोनी?"

"मंग कितीक हासाव? मापून सांगा. पुढच्या बकरीले तेवढीच हासीन."

"मस्करी नको. शहापुरात ट्रकवाले ऐकून राहिले तुले."

"मी गेली का शहापूरले?" रीताचा आवाज चढला. "तुमीच पाठवली ना मले, कार्डात भरून."

 धर्मेंद्रनं जेवण सोडलं.

त्या दिवसानंतर रीता घरात हसायची बंद झाली. भांडण केलं नाही. बोलायची, वाढायची, दुकानाचा डबा भरायची. हसायची नाही. नळावर बायांत हसायची. धर्मेंद्रला ते लांबून ऐकू यायचं. तो पावलं उचलायचा. पोचेपर्यंत हसू संपलेलं असायचं आणि बादल्या उचललेल्या असायच्या. मग तो मला विचारायचा, "कायवर हासत होती रे?" मला कसं ठाऊक असणार. तो नळावरच्या बायांवरही जळायला लागला.

ट्रकवाला तर लांब होता. जवळचा होता घनश्याम. टोलीतला मासेमार, उंच, वाचाळ. त्याच्या डोंग्यात स्पीकर सदा सुरू. तो एकदा दुकानात म्हणाला होता, "वहिनीचा आवाज लावला का मासे बी वर येतेत भाऊ." तेव्हा धर्मेंद्र हसला होता. आता त्याला ते वाक्य रोज नवं ऐकू यायचं. "मासे वर येतेत म्हने," तो स्क्रू घट्ट करता करता पुटपुटायचा. "कायले येतेत वर? काय काम आहे माश्याचं?"

त्यानं स्वतःच्या आवाजात नवी फाईल भरली. दुकानाचं शटर अर्धं ओढून. मला बाहेर उभं केलं होतं. आणि ती नव्या कार्डांत पहिली टाकून जुनी कार्डं गोळा करू लागला. मी मागे बसलो होतो ती फेरी ही.

नवी कार्डं परत येऊ लागली. उन्हाळी धानाचा रोवणा सुरू होता; टोळी चालवणारी सुशीलाबाई स्पीकर घेऊनच दुकानात आली.

"काय भरलं रे बाबू हे? माह्या बाया चिखलात उभ्या अन् हा तहसीलदार बोलून राहिला."

"माहिती तेच आहे काकू."

"माहितीले काय चाटाव? हासनारी कुटं गेली?"

"खराब झाली फाईल."

"फाईल खराब नाई झाली," सुशीलाबाई म्हणाली. "डोस्कं खराब झालं कोनाचं तरी." आणि शेजारच्या पोराच्या मोबाईलमधून तिनं उभ्या उभ्या हासणारी परत घेतली.

असंच होत होतं. तो एक कार्ड गोळा करी, तोवर फाईल आणखी चार मोबाईलांत गेलेली असे. गावाला कळलं. धर्मेंद्र जळतो, ही गोष्ट फाईलीपेक्षा जास्त पसरली.

आणि त्याच उन्हाळ्यात नहराची पाळ कापली गेली.

एका ठेकेदाराला आडवा पाइप टाकायचा होता. पाळ वरपासून खालपर्यंत कापली, पाइप ठेवला, माती लोटली आणि यंत्र घेऊन निघून गेला. रोलर फिरवला नाही. उरलेला मुरूम पांदणीत पडला. खाली सिमेंटचे नळे बसले आणि पांदण चांगली उंच झाली. एकदोन सरी आल्यावर पाळीवर गवत उगवलं. आता पाहणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं.

धर्मेंद्रनं पाहिलं होतं, कारण तो त्या दिवसांत सारखा टोलीत जायचा. कार्डं गोळा करायला. त्यानं मला तिथे नेलं. हातातली छत्री मातीत टोचली. छत्री मुठीपर्यंत आत गेली.

"पानी लागलं का हे बसनार," तो म्हणाला. "गुरं, मानसं वर असतीन तवा बसनार. अन् रीता सांगून राहिली, पाळीनं जा."

त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा दुसरी भीती पाहिली. मत्सराची नव्हे.

तो तसाच घनश्यामकडे गेला. घनश्याम जाळं दुरुस्त करत होता. चार माणसं बाजूला बसली होती.

"घनश्याम, ते जुनी फाईल काढून टाका. सगळ्यायले सांग. पाळ धोक्याची आहे. पांदणीनं जा लागते आता."

घनश्यामनं जाळ्यातून नजर काढली नाही. "पयले म्हने फाईल खराब. मंग म्हने कार्ड खराब. आता म्हने पाळ खराब. भाऊ, तुमच्या घरचं चांगलं काय आहे मंग?"

माणसं हसली.

"मी खरं सांगून राहिलो. छत्री गेली आत."

"माही बैलगाडी गेली काल त्याच्यावरून. बैलायले तं काई झालं नाई."

"कोरडी आहे म्हून."

"बरं," घनश्याम म्हणाला. "वहिनी सांगीन तं मानू. वहिनीनं अजून खोटं नाई सांगतलं."

धर्मेंद्र गाडीवर बसला. किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. "पाह्यलं?" तो मला म्हणाला. "मानू म्हनते. तिचं मानू." त्याला राग कशाचा आला होता ते मला सांगता येत नाही. लोक बुडतील याचा, की तिच्या शब्दावर वाचतील याचा.

पण तो सरळ घरी गेला आणि रीतासमोर उभा राहिला. पाळीचं सांगितलं. "तुले पुन्हा बोला लागते," म्हणाला.

मला वाटलं ती त्याला टोमणा मारेल. तिनं हात पुसले. "आना मोबाईल," म्हणाली. आणि बोलली. नीट, ठासून, सगळं. पाळ बसणार आहे, पांदणीनं जा. एकही शब्द चुकला नाही. चेहरा मात्र दगडासारखा होता. आवाजही तसाच आला.

ती फाईल आम्ही टोलीत नेली. घनश्यामनं कानाला लावून शेवटपर्यंत ऐकली. शेवट झाल्यावरही थांबला.

"हासली नाई," म्हणाला.

"हासाचं काय त्याच्यात?" धर्मेंद्र ओरडला.

"हे वहिनी नोय. असली वहिनी हासते. हे तुमी कोनी दुसरीले बसवून बोलून घेतलं." त्यानं फाईल तिथल्या तिथे काढून टाकली. दुसऱ्यांनीही टाकली. नकली नोटेसारखी.

मी थक्क झालो. इतक्या वर्षांत त्या वस्तीला त्या आवाजाची एकच खूण राहिली होती. नावाची नाही, गावाची नाही. शेवटी हसते ती खरी. हसत नाही ती खोटी.

आभाळ भरून यायला लागलं होतं. वरच्या बाजूला पाऊस सुरू झाल्याचं लोक सांगत होते. धर्मेंद्र परतीच्या वाटेवर म्हणाला, "हासवा लागते तिले."

हे वाक्य म्हणायला त्याला किती जड गेलं असेल, ते मी त्याच्या पाठीकडे पाहून समजलो.

दुपारी पावसाचे टपोरे थेंब पडत होते. धर्मेंद्र शेजारची बकरी दोरीनं ओढत स्वयंपाकघरात घेऊन आला. तिच्या तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं. बकरीनं तोंड फिरवलं.

"खा ना बे," धर्मेंद्र म्हणाला.

रीता चुलीजवळ उभी राहून पाहत होती. हसली नाही.

त्यानं एक विनोद सांगितला. मी तो इथे लिहीत नाही. मग दुसरा सांगितला. बकरी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी मोबाईल धरून बसलो होतो. माझा हात दुखायला लागला.

"हास ना थोडीशी," धर्मेंद्र म्हणाला. "खोटं हास."

"खोटं हासलं तं त्यायले कळते," रीता म्हणाली. "तुमाले कळत नाई म्हून काय झालं."

धर्मेंद्र पाटावर बसला. मान खाली.  रीताच म्हणाली मग, "तुमी भरलं होतं ना तुमच्या आवाजात. सगळे सांगतेत. मी कवा ऐकलंच नाई."

"ते नको."

"लावा ना."

"नको म्हनलं ना."

तिनं त्याच्या खिशातून मोबाईल काढला. तो तिला अडवू शकला असता. अडवलं नाही. तिनं बटण दाबलं.

"सूचना. सूचना. सूचना," मोबाईलमधला धर्मेंद्र म्हणाला. "तमाम ग्रामस्थांस कळविण्यात येते की, अतिवृष्टी झाल्यास कोणीही घाबरून जाऊ नये." मग जोरात खोकला. "माफी असावी. उपरोक्त विषयास अनुसरून, विद्युत पुरवठा खंडित करून गुरांस मोकळे करण्यात यावे."

रीतानं ओठ दाबले.

"सर्पदंश झाल्यास," मोबाईल म्हणाला, "सर्पाशी वाद घालू नये."

"हे मी लिहिलं नव्हतं," मी म्हणालो.

"मले सुचलं ते," धर्मेंद्र जमिनीकडे पाहत म्हणाला.

"तरी सदर सूचनेची नोंद घ्यावी ही नम्र विनंती. कळावे. आपला विश्वासू, धर्मेंद्र."

"विश्वासू!" रीता म्हणाली. आणि हसली.

आधी नाकातून. मग तिनं दाराची चौकट धरली. मग खाली बसली. "सापाशी वाद घालू नये," ती म्हणायची आणि पुन्हा सुरू व्हायची. पदर डोळ्यांना लावला. बकरी दचकून अंगणात पळाली. धर्मेंद्र तिच्याकडे पाहत होता. किती दिवसांनी ती त्याच्यासमोर हसत होती, आणि त्याच्यावरच हसत होती. त्याचे कान शहापूरसारखे लाल झाले. तोंड मात्र उघडं राहिलं होतं, तहानलेल्यासारखं.

माझा मोबाईल सुरू होता. रीतानं माझ्याकडे बोट केलं. "आता बोलते. थांबाचं नाई." आणि हसता हसताच सांगितलं. "मी रीता बोलून राहिली, आसगावची. अगोदरचं जुनं झालं, ते टाकून द्या. पाळीनं जाऊ नोका बाप्पा, पाळ बसते. पांदन उंच झाली, पांदनीनं जा." मधे मधे फुटत होती. बाकी सगळंही सांगितलं. सापाजवळ आली आणि पुन्हा कोसळली. शेवट हसण्यातच झाला.

धर्मेंद्रनं ती फाईल आधी एकट्यानं ऐकली. कानात तारा घालून, दुकानाच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. मी त्याच्या पाठीकडे पाहत होतो. ऐकून झाल्यावर त्यानं तारा काढल्या.

"इथंच राहू देली तं?" म्हणाला.

मी कार्डांची डबी त्याच्याकडे सरकवली.

"नाई, असंच म्हनलं," तो म्हणाला आणि कार्डं भरायला बसला.

घनश्यामनं त्याच संध्याकाळी ऐकली. शेवटचं हसणं येताच त्यानं मांडीवर थाप मारली. "असली!" म्हणाला. "वहिनीच आहे. अन् भाऊ, हे पयलेपेक्षा भारी आहे." आजूबाजूचे मोबाईल एकमेकांना भिडले. जुनी हासणारी कुणी ठेवली नाही. नवी असताना जुनी कोण ठेवतो. धर्मेंद्र उभा राहून पाहत होता. त्याला ती पसरायला हवी होती. प्रत्येक मोबाईलवर फाईल पोचल्याची खूण आली की त्याचा जबडा थोडा आवळला जात होता.

पावसानं मग उसंत दिली नाही. नदी फुगली, नाला उलटा भरू लागला. टॉवर गेला. सकाळी उजाडताना आम्ही पांदणीच्या तोंडाशी गेलो. धर्मेंद्र, रीता, मी आणि आसगावची काही माणसं दोर घेऊन. टोली निघाली होती. पुढे मोकळी गुरं, मागे माणसं, डोक्यावर पन्नीत बांधलेली गाठोडी. पाणी पांदणीच्या दोन्ही अंगांनी होतं, पण वर आलं नव्हतं. कुणाच्या तरी गळ्यात स्पीकर होता. पावसात, गुरांच्या हंबरण्यात रीताचा आवाज येत होता. पांदनीनं जा. आणि हसणं.

पाळीकडे कुणी गेलं नाही. उजेड वाढल्यावर आम्ही तिकडे पाहिलं. मधली माती नव्हती. तिथून गढूळ पाणी आडवं धावत होतं. सुशीलाबाईनं ते पाहिलं, हात जोडले आणि पुढे चालू लागली. घनश्याम एका म्हातारीला पाठीवर घेऊन सगळ्यांत शेवटी आला. तिला उतरवून तो थेट रीतासमोर आला. ओलाचिंब.

"वहिनी, एक सांगा फक्त. या खेपेले कायवर हासल्या?"

रीतानं धर्मेंद्रकडे पाहिलं. धर्मेंद्र दोर गुंडाळत होता. त्याचा हात थांबला. ती आता सांगेल, आणि मग विश्वासू आणि साप तालुकाभर जातील, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"घरची गोष्ट आहे," रीता म्हणाली.

घनश्यामनं दोघांकडे पाहिलं आणि मान हलवत शाळेकडे गेला. धर्मेंद्रनं दोर पुन्हा गुंडाळायला घेतला. उलटा गुंडाळला गेला, सोडून पुन्हा गुंडाळला.

शाळेच्या व्हरांड्यात चहा झाला. धर्मेंद्र स्वतः किटली घेऊन फिरत होता. लेकरांना, म्हाताऱ्यांना, बायांना भरभरून देत होता. पुन्हा पुन्हा विचारत होता. पलीकडे रीता ओल्या पोरांची डोकी पुसत होती, आणि तिच्याशेजारी उभा राहून घनश्याम काहीतरी सांगत होता. ती हसली. लांबून शब्द ऐकू आले नाहीत.

धर्मेंद्र किटली घेऊन तिकडे गेला. घनश्यामला त्यानं अर्धाच कप दिला.